दुबईत पाच दिवस : सुरुवात खाडीपासून करावी

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत ते पाच दिवसांसाठी दुबईला जात आहेत. सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील, पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी आहे. निरनिराळ्या सहल कंपन्यांची पत्रके एकत्र केली, तर पाहण्याच्या ठिकाणांची संख्या पंचवीसच्या वर जाते. त्यांतले खरोखर काय पाहावे, काय निःसंकोच सोडावे, आईवडिलांना काय झेपेल, आणि ‘सगळे मानवनिर्मित आहे, वाळवंटात इमारती उभ्या केल्या आहेत, त्यात काय पाहायचे’ हा वडिलांचा आक्षेप कितपत खरा आहे, असे त्यांनी विचारले आहे. गेली अठरा वर्षे मी दुबईत मराठी पर्यटकांच्या गटांबरोबर मार्गदर्शक म्हणून काम करीत आहे आणि हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक गटातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून ऐकत आलो आहे. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दुबईतील जे काही छायाचित्रांतून जगभर पोहोचले आहे, ते बहुतेक १९९९ नंतरचे आहे. परंतु शहर त्याआधीपासून आहे, आणि ते वाळवंटाने नव्हे तर समुद्राच्या एका चिंचोळ्या फाट्याने घडवले आहे. तिथे त्याला ‘खोर’ म्हणतात, आपल्याकडे ‘खाडी’. ज्या पर्यटकाला पहिल्याच दिवशी विमानतळावरून थेट बुर्ज खलिफापाशी नेले जाते, त्याला दुबई कायम एखाद्या मोठ्या प्रदर्शनासारखी वाटते. ज्याने पहिली संध्याकाळ खाडीवर घालवली, त्याला नंतरच्या उंच इमारतींमागचे कारण दिसू लागते. त्यामुळे माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला ठिकाणांच्या निवडीविषयी नसून क्रमाविषयी आहे : आधी खाडी, मग बाकी सर्व.

पहिल्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास बर दुबईतील अल फहिदी या जुन्या वस्तीत पोहोचावे. जानेवारीत सूर्यास्त पावणेसहाच्या आसपास होतो, त्यामुळे हाताशी दोन तास मिळतात. या वस्तीचे आधीचे नाव बस्तकिया. इराणच्या दक्षिणेकडील बस्तक या गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती वसवली. घरे समुद्रातील प्रवाळाचे दगड आणि जिप्समचा गिलावा यांनी बांधलेली आहेत, आणि गल्ल्या मुद्दाम इतक्या अरुंद ठेवल्या आहेत की दिवसभर एका भिंतीची सावली दुसऱ्या भिंतीवर पडत राहते. घरांवर चौकोनी मनोरे दिसतील, त्यांना ‘बर्जील’ म्हणतात. मनोरा चारही बाजूंनी उघडा असतो आणि आत गुणाकाराच्या चिन्हासारख्या दोन तिरप्या भिंती असतात. वारा ज्या बाजूने येईल, त्या बाजूच्या पोकळीतून तो खाली खोलीत उतरतो आणि खोलीतील उष्ण हवा पलीकडच्या पोकळीतून वर निघून जाते. मुलीला अशा मनोऱ्याच्या बरोबर खाली उभे करून वर पाहायला सांगा. विजेशिवाय चालणारी ही व्यवस्था तिला पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळेल. १९८० च्या दशकात या वस्तीचा काही भाग पाडला गेला होता आणि उरलेला भागही जाणार होता. तो वाचला, नंतर त्याची निगुतीने डागडुजी झाली, म्हणून आज आपण या गल्ल्यांतून चालू शकतो.

याच वस्तीत दुबईचे शासक शेख मोहम्मद यांच्या नावाचे सांस्कृतिक परिचय केंद्र आहे. ते १९९८ मध्ये सुरू झाले. आधी नोंदणी केली, तर तिथे स्थानिक अमिराती यजमानांसोबत गादीवर बसून जेवता येते आणि धर्म, पोशाख, विवाह, स्त्रियांचे जीवन अशा कोणत्याही विषयावर प्रश्न विचारता येतात. दुबईत राहणाऱ्यांपैकी मूळचे अमिराती फार थोडे आहेत. पाच दिवसांत तुम्हाला भेटणारे टॅक्सीचालक, विक्रेते आणि हॉटेलचे कर्मचारी जवळजवळ सगळे परदेशी असतील. ज्यांचा हा देश आहे, त्यांच्याशी तासभर बोलण्याची संधी पर्यटकाला क्वचितच मिळते, आणि माझ्या अनुभवात ज्येष्ठ मंडळींना पूर्ण सहलीत हाच तास सर्वांत अधिक आठवतो. शाकाहारी असल्यास नोंदणीच्या वेळीच सांगावे.

तिथून कापडबाजारातून चालत अब्राच्या धक्क्यावर यावे. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. प्रवासी मधल्या बाकावर एकमेकांकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून बसतात. साध्या अब्राचे भाडे एक दिरहम आहे. संपूर्ण दुबईत याहून स्वस्त काही नाही, आणि माझ्या मते याहून मोलाचेही फार काही नाही. होडी भरली की सुटते, वेळापत्रक नसते. एवढे लक्षात ठेवावे की ही पर्यटकांची नौका नसून कामगारांची रोजची ये-जा आहे. सायंकाळी गर्दी असेल, तर दोन होड्या जाऊ द्याव्यात. होडीत पाऊल टाकताना ती थोडी हलते, म्हणून आईवडिलांना धक्क्यावरील माणसाचा हात धरायला सांगावे. तो माणूस आपणहून हात पुढे करतोच.

होडीत असताना वडिलांना पुढील गोष्ट सांगावी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही खाडी गाळाने भरत चालली होती आणि मोठी गलबते आत येईनाशी झाली होती. दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी कुवेतकडून कर्ज काढून १९५९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती उपसून खोल केली. दुबईला तेल सापडले १९६६ मध्ये, आणि त्याची निर्यात सुरू झाली १९६९ मध्ये. म्हणजे या शहराने स्वतःवर केलेली पहिली मोठी गुंतवणूक तेलाच्या पैशातून नव्हे, तर कर्ज काढून व्यापारासाठी केलेली आहे. ‘तेल निघाले म्हणून शहर झाले’ हे आपल्याकडील सर्रास ऐकू येणारे विधान त्यामुळे नीट तपासून घ्यावे लागते.

या खाडीचे मुंबईशी असलेले नातेही जुने आहे, आणि मराठी माणसाने ते जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते. आखातातील मोती पूर्वी प्रामुख्याने मुंबईच्या बाजारात विकले जात. पाणबुडे उन्हाळ्याचे महिने समुद्रात काढीत. नाकाला चिमटा आणि पायाला दगड बांधून ते तळाशी जात, आणि मोत्याचा खरा भाव मात्र मुंबईत ठरे. जपानचे संवर्धित मोती आणि १९२९ ची जागतिक मंदी यांनी हा व्यवसाय मोडला, आणि त्यानंतरची काही दशके दुबईने हलाखीत काढली. दुबईतील पहिले टपाल कार्यालय १९०९ मध्ये सुरू झाले, तेही भारतीय टपाल खात्याचे. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या आणि १९६६ पर्यंत तिथे रुपयाच चालत होता. अमिरातीचे दिरहम १९७३ चे आहे. वडिलांच्या पिढीला हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण त्यांच्या बालपणी दुबईच्या बाजारात रुपयानेच खरेदी होत होती. धक्क्याजवळच्या टपरीवर जो ‘करक’ चहा मिळतो, त्याचे नाव म्हणजे आपलाच ‘कडक’ हा शब्द आहे.

पलीकडे देरा भागात मसाल्याचा बाजार आणि सोन्याचा बाजार आहे. खाडीच्या काठाने माल चढवणारी लाकडी गलबते उभी दिसली, तर तिथे पंधरा मिनिटे थांबावे. इराण आणि सोमालियाकडे जाणारे टायर, फ्रीज आणि तेलाचे डबे त्यांवर हारीने रचलेले असतात, आणि खलाशांमध्ये कच्छ-सौराष्ट्रातील माणसे अनेकदा भेटतात. मसाल्याच्या बाजारात भाव विचारताना संकोच करू नये, कारण पहिला भाव घासाघिशीसाठीच सांगितलेला असतो. केशर घ्यायचे असल्यास दोन-तीन दुकाने पाहूनच घ्यावे. सोन्याच्या बाजारात एका दुकानाच्या काचेत सुमारे ६४ किलो वजनाची अंगठी मांडलेली आहे. ती मुलीला जरूर दाखवावी. खरेदीचा विचार असल्यास एक गोष्ट लक्षात ठेवावी : परदेशात वर्षाहून अधिक काळ राहून परतणाऱ्यांना भारतीय सीमाशुल्कात दागिन्यांसाठी जी सवलत मिळते, ती पाच दिवसांच्या पर्यटकाला मिळत नाही. दुबईतील भाव आणि घरी परतल्यावरचा एकूण खर्च यांचा हिशेब आधी करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आईवडिलांचे पाय दुखत नसतील तर, खाडीच्या मुखाशी असलेल्या शिंदघा भागातील संग्रहालय पाहावे. ते एका इमारतीत नसून जुन्या घरांच्या समूहात पसरलेले आहे. सगळी दालने पाहण्याचा प्रयत्न करू नये. खाडीचा इतिहास सांगणारे दालन आणि अत्तरांचे घर ही दोन पुरेशी आहेत. अत्तरांच्या घरात ऊद, केशर, गुलाब यांचे गंध प्रत्यक्ष घेता येतात. त्याच परिसरात शेख रशीद यांचे वडील शेख सईद अल मक्तूम यांचे १८९६ मध्ये बांधलेले घर आहे.

आता उंच इमारतींविषयी. येथे पर्यटकांचा सर्वाधिक पैसा आणि वेळ वाया जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दुबईत पैसे देऊन वर जाण्याच्या जागा अनेक आहेत आणि पत्रके त्या सगळ्या यादीत घालतात. तीन उंचींवरून तेच शहर पाहण्यात अर्थ नाही. प्रश्न असा विचारावा, की कोणती गोष्ट उंचावरून पाहिल्याशिवाय दिसतच नाही? याचे प्रामाणिक उत्तर बुर्ज खलिफा हे नसून पाम जुमेरा हे आहे.

पाम जुमेरा हे समुद्रात भर घालून तयार केलेले खजुराच्या झाडाच्या आकाराचे बेट. रस्त्याने त्यावरून गेल्यास दोन्ही बाजूंना इमारती आणि मध्ये रुंद रस्ता एवढेच दिसते. आकार कुठेच जाणवत नाही आणि मंडळी विचारतात, ‘ते झाड कुठे आहे?’ त्यासाठी बेटाच्या खोडावर उभ्या असलेल्या इमारतीच्या ५२ व्या मजल्यावर, सुमारे २४० मीटर उंचीवर जावे लागते. तिथून झाडाच्या फांद्या, त्यांवरील घरांच्या रांगा आणि भोवतीचा सुमारे ११ किलोमीटर लांबीचा अर्धगोलाकार बांध एका दृष्टिक्षेपात येतो. काम २००१ मध्ये सुरू झाले. वाळवंट शेजारी असूनही वाळू समुद्रतळातून उपसून आणावी लागली, कारण वाऱ्याने घासून गुळगुळीत आणि गोल झालेली वाळवंटातील वाळू भरावात घट्ट बसत नाही. ती नौकांवरून कमानीसारख्या फवाऱ्याने टाकली गेली, आणि ढीग नेमका कुठे पडतो हे उपग्रहाच्या साहाय्याने तपासले गेले. पुढे असे लक्षात आले, की अखंड बांधामुळे आतले पाणी साचून राहील, म्हणून बांधात फटी ठेवून भरती-ओहोटीचे पाणी खेळते ठेवले गेले. भरावाच्या जमिनीवर वसलेल्या मुंबईशी आपला संबंध असल्यामुळे या गोष्टी मराठी पर्यटकांना समजावून सांगाव्या लागत नाहीत. ते स्वतःच पुढचे प्रश्न विचारतात.

बुर्ज खलिफाबाबत माझे मत असे आहे, की ती इमारत खालून पाहण्याची आहे. वर गेल्यावर शहर दिसते, पण शहरातील सर्वांत देखणी गोष्ट दिसत नाही, कारण आपण तिच्याच आत उभे असतो. ८२८ मीटर उंचीची ही इमारत ४ जानेवारी २०१० रोजी खुली झाली. वास्तुरचना ॲड्रियन स्मिथ यांची, आणि तिचा सांगाडा बिल बेकर यांनी रचला. तळाचा आकार तीन पाकळ्यांसारखा आहे. मधल्या षट्कोनी गाभ्याला तीन बाजूंच्या भिंती टेकू देतात, त्यामुळे वाऱ्याने तो पिळवटत नाही. वर जाताना प्रत्येक बाजू वेगवेगळ्या उंचीवर आत घेतली आहे. त्यामुळे कोणत्याही दोन पातळ्यांवर वाऱ्याला सारखा आकार मिळत नाही आणि इमारतीला झोके देणारे भोवरे एका लयीत तयार होत नाहीत. उन्हाळ्यात काँक्रीट बर्फ मिसळून आणि रात्रीच ओतले जाई, कारण दिवसा ते पसरण्याआधीच घट्ट झाले असते. वातानुकूलनातून गळणारे पाणी जमा करून खालच्या बागेला दिले जाते. रमजानमध्ये ८० व्या मजल्यावरील रहिवाशांनी खालच्यांपेक्षा दोन मिनिटे आणि १५० व्या मजल्यावरील रहिवाशांनी तीन मिनिटे उशिरा उपवास सोडावा, असे धर्माधिकाऱ्यांनी सांगितले आहे, कारण तितक्या उंचीवर सूर्य तितका वेळ अधिक दिसत राहतो. हे मुलीला सांगितले, तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा तिला डोळ्यांसमोर उभा दिसेल.

मुलीचा वर जाण्याचा हट्ट असेल तर तिला जरूर न्यावे, पण १२४ व्या आणि १२५ व्या मजल्याचे तिकीट पुरेसे आहे. १४८ व्या मजल्यासाठी द्यावे लागणारे जादा पैसे तुमच्यासारख्या कुटुंबाला फारसे काही अधिक दाखवत नाहीत. सूर्यास्ताच्या वेळेचे तिकीट महाग असते आणि आधीच संपते. त्याच्या तासभर आधीची वेळ घेऊन वरच थांबून राहणे अधिक शहाणपणाचे. हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी धुके पडते, म्हणून सकाळची वेळ घेऊ नये. आईवडिलांनी त्या वेळी खाली तळ्याकाठी बसून कारंजे पाहावे. सायंकाळी सहानंतर ते ठरावीक अंतराने सुरू होते, त्याला तिकीट नाही, आणि पाणी दीडशे मीटरपर्यंत उसळते. मेट्रोच्या स्थानकापासून इमारतीलगतच्या दुबई मॉलपर्यंतचा बंदिस्त पूल आठशे मीटरच्या आसपास लांब आहे. सरकत्या पट्ट्या असल्या, तरी ज्येष्ठांना तो थकवतो. तिथे टॅक्सीने जावे आणि मॉलमध्ये चाकांची खुर्ची मागून घ्यावी. मॉलमधील मत्स्यालयाची भव्य काच बाहेरूनही दिसते, तेवढे पुरे आहे. खरेदीसाठी एक तास ठरवून द्यावा, नाहीतर संध्याकाळ तिथेच संपते.

झबील उद्यानातील दुबई फ्रेम या दीडशे मीटर उंचीच्या चौकटीविषयी सुरुवातीला माझे मत प्रतिकूल होते. २०१८ मध्ये ती खुली झाली तेव्हा मला ती केवळ चमत्कृती वाटली होती. आता मात्र ज्येष्ठांसाठी मी तिचीच शिफारस करतो. तिच्या माथ्यावरील पुलावरून एका बाजूला खाडी, देरा आणि जुनी बसकी घरे, तर दुसऱ्या बाजूला शेख झायेद मार्गावरील उंच इमारतींची रांग दिसते. पहिल्या दिवशी जे पायी पाहिले, ते इथून पुन्हा ओळखता येते. उद्वाहकाने थेट वर जाता येते आणि रांग बहुधा सुसह्य असते. शेवटी निवड अशी ठरते : पाम सर्वांनी पाहावे, फ्रेम आईवडिलांसाठी, आणि बुर्ज मुलीची इच्छा असेल तर.

भविष्याचे संग्रहालय म्हणून ओळखली जाणारी, मधोमध पोकळ असलेली रुपेरी इमारत २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्या आत कुठेही खांब नाहीत. बाहेरील अरबी अक्षरे नक्षी म्हणून कोरलेली नसून त्याच तिच्या खिडक्या आहेत. दिवसा त्यांतून उजेड आत येतो, रात्री बाहेर पडतो. सुलेखन मत्तर बिन लाहेज या अमिराती कलावंताचे आहे. माणूस शेकडो वर्षे जगत नाही, पण त्याने घडवलेले मागे उरू शकते, अशा आशयाची वाक्ये त्यात आहेत. आतील दालने मुलीला आवडतील, मोठ्यांना बाहेरून पाहणे पुरेसे वाटते. वेळ कमी असल्यास रात्री मेट्रोतून जाताना पाहावी.

तिसऱ्या दिवशी वाळवंट. येथे मी माझी एक चूक सांगतो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका गटातील सत्तरीच्या गृहस्थांना वाळूच्या टेकड्यांवरून वेगाने उसळत जाणाऱ्या गाडीत बसू दिले. ते स्वतः उत्साही होते आणि मी अडवले नाही. पहिल्याच उतारावर त्यांच्या कमरेत उसण भरली आणि उरलेली सहल त्यांनी खोलीत काढली. तेव्हापासून पाठीचा, मानेचा, हृदयाचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना मी त्या गाडीत बसू देत नाही, मग कोणी कितीही आग्रह करो. टायरमधील हवा कमी करून, वाळूवर पसरट चाकांनी चालवण्याचे ते खरोखर कौशल्याचे काम आहे. मुलीला आणि तुम्हाला ते आवडेलही, पण तिलाही जाण्यापूर्वी दोन तास पोटभर खायला देऊ नये.

आईवडिलांसाठी, आणि खरे तर सर्वांसाठीच, दुबई वाळवंट संवर्धन क्षेत्रातील सफर अधिक समाधान देते. हे क्षेत्र सुमारे २२५ चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथे ठरावीक संस्थांच्याच गाड्यांना, ठरावीक वाटांनी प्रवेश मिळतो. तिथे अरबी ओरिक्स हा पांढरा, लांब सरळ शिंगांचा प्राणी पाहायला मिळतो. १९७२ मध्ये तो निसर्गातून संपूर्ण नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांतील थोड्या प्राण्यांपासून त्याची पैदास करून त्याला पुन्हा वाळवंटात सोडण्यात आले. घाफ नावाचे झाडही तिथे नीट पाहावे. आपली शमी ती हीच. त्याची मुळे फार खोल जाऊन पाणी शोधतात आणि अमिरातीचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. दसऱ्याला शमीची पूजा करणाऱ्या आईला ते झाड लगेच ओळखीचे वाटेल. सायंकाळच्या तळावर पोट हलवून केला जाणारा नाच आणि घेरदार झगा घालून गरगर फिरण्याचा ‘तनुरा’ नाच दाखवला जातो, पण ते दोन्ही इजिप्तकडचे, येथील नव्हेत. येथील खरा सामूहिक नाच ‘अयाला’. दोन रांगांतील पुरुष हातातील बारीक काठ्या ढोलाच्या ठेक्यावर हलवतात. युनेस्कोने २०१४ मध्ये त्याची वारसा म्हणून नोंद केली. तो कुठे दिसला, तर थांबून पाहावा.

चौथा दिवस अबुधाबीला द्यावा, मात्र तो सोमवार नसावा. त्या दिवशी तेथील हिंदू मंदिर आणि लूव्र संग्रहालय दोन्ही बंद असतात, आणि ही गोष्ट अनेक सहल आखणारे विसरतात. शुक्रवारीही तेथील शेख झायेद मशीद पाहण्याच्या वेळा मर्यादित असतात. दुबईहून अंतर साधारण १४० किलोमीटर आहे. जाताना वाटेत अबू मुरेखा येथील स्वामिनारायण मंदिर आधी पाहावे. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. राजस्थानचा गुलाबी वालुकाश्म आणि इटलीचा संगमरवर यांच्या कोरीव कामाचे ते आहे, आणि सात शिखरे देशातील सात अमिरातींसाठी, म्हणजे घटक राज्यांसाठी, आहेत. प्रवेशासाठी आधी नोंद करावी लागते आणि पोशाखाचे नियम काटेकोर आहेत. दुपार लूव्रमध्ये घालवावी. ज्याँ नूव्हेल यांनी रचलेल्या या संग्रहालयावर १८० मीटर व्यासाचा सपाट घुमट आहे. एकावर एक आठ थरांच्या जाळीतून ऊन असे गळत खाली येते, की खजुराच्या झावळ्यांखाली उभे असल्याचा भास होतो. बर्जीलच्या गल्लीत पहिल्या दिवशी पाहिलेली सावली इथे नव्या रूपात भेटते.

शेख झायेद मशिदीत मात्र चार-साडेचारला पोहोचावे, म्हणजे उन्हातील पांढरा संगमरवर, मावळतीचा रंग आणि नंतरची निळसर रोषणाई असे तिन्ही पाहायला मिळते. ती रोषणाई चंद्राच्या कलांनुसार बदलते : पौर्णिमेला शुभ्र, अमावस्येकडे गडद निळी. ८२ घुमट आहेत, आणि मुख्य सभागृहातील साडेपाच हजार चौरस मीटरहून मोठा गालिचा इराणी कारागिरांनी हाताने विणलेला आहे. प्रवेश विनामूल्य असला, तरी वेळ आधी नोंदवावी लागते. स्त्रियांनी डोके, मनगट आणि घोटे झाकणारे सैल कपडे घालावेत. सुती पंजाबी पोशाख आणि मोठी ओढणी उत्तम. प्रवेशद्वारापासून मशिदीपर्यंत बरेच चालावे लागते, म्हणून ज्येष्ठांसाठी असलेली विजेवर चालणारी गाडी मागावी. दुबईतच एखादी मशीद आतून पाहायची असेल, तर १९७९ ची जुमेरा मशीद मार्गदर्शकासह सर्वधर्मीयांना खुली असते.

पाचव्या दिवसासाठी माझी शिफारस पत्रकांत सहसा नसते. खाडीच्या आतल्या टोकाला रास अल खोर नावाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. आडोशाच्या झोपडीतून दुर्बिणीने ते पाहता येतात, आणि मागे बुर्ज खलिफाचा सुळका असतो. शिवडी आणि ठाणे खाडीचे रोहित ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य फार जवळचे वाटते. सकाळी लवकर जावे, पिवळे-लाल कपडे टाळावेत. तिकीट नाही. संध्याकाळी मिरॅकल गार्डन किंवा ग्लोबल व्हिलेज यांपैकी एक घेता येईल. दोन्ही फक्त थंडीच्या हंगामात उघडी असतात. ग्लोबल व्हिलेजमध्ये फार चालावे लागते, त्यामुळे आईवडिलांचा विचार करता मी फुलांची बाग निवडेन. कृत्रिम बर्फाचे दालन, डॉल्फिनचे खेळ आणि लिमोझिनची फेरी ही तिन्ही वगळावीत.

काही व्यावहारिक गोष्टी. मेट्रो स्वच्छ, चालकविरहित आणि सोयीची आहे. भाडे भरण्याचे ‘नोल’ कार्ड घ्यावे आणि डब्यात काही खाऊ-पिऊ नये, दंड होतो. स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो, त्यात चुकूनही पुरुषांनी चढू नये. अनोळखी व्यक्तींचे, विशेषतः स्त्रियांचे, विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. शाकाहारी जेवणाची चिंता नसावी. बर दुबई आणि करामा भागात भारतीय जेवण सहज मिळते.

सामान भरताना मात्र आईला स्वतः शेजारी बसवून पिशवी तपासावी. खसखस अमिरातीत निषिद्ध आहे आणि ती अमली पदार्थांच्या नियमात येते. प्रवाशांना त्यापायी अटक झाली आहे. खसखस लावलेले अनारसे, खसखस घातलेले लाडू आणि वाटणात खसखस असलेला घरचा मसाला, यांतले काहीही बरोबर नेऊ नये. वडिलांच्या औषधांची मूळ पाकिटे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवावी. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली खोकल्याची वा वेदनाशामक औषधे पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत, म्हणून त्यांना पर्याय काय घ्यावा हे निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे.